बेलिफ यायची वाट बघू नका

ही खोली बघा. दोन पलंग, मधे जेमतेम पाय ठेवायला जागा, खिडकीत केटल आणि केटलशेजारी मुलांच्या वह्या. कपाट नाहीये, त्यामुळे कपडे सगळे बॅगेतच, फक्त शाळेचा युनिफॉर्म तेवढा दाराच्या खिळ्याला टांगलाय, चुरगळू नये म्हणून.

लंडनमधलं हे बी अँड बी, म्हणजे बेड अँड ब्रेकफास्ट. नावाला हॉटेल, पण इथं कुणी फिरायला आलेलं नाहीये, घर गेलेल्यांना कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आणून ठेवलंय. इंग्लंडमध्ये अशा टेम्पररी जागेत राहणारी कुटुंबं आज १ लाखाच्या वर आहेत, आणि मुलं दीड लाखाच्या वर!

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. बेघर झालेल्यांना कौन्सिल मदत करते ती मेहेरबानी नाही, तिच्यावर १९७७ पासून कायद्याचं बंधन आहे. सध्या चालतो तो १९९६ चा हाउसिंग अ‍ॅक्ट, आणि त्यात हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी आणलेल्या २०१७ च्या कायद्याने मोठी भर घातली, ३ एप्रिल २०१८ पासून ती लागू आहे. त्यातला कामाचा आकडा म्हणजे ५६. पुढच्या ५६ दिवसांत घर जाणार असं दिसत असेल तर कौन्सिलने तेव्हाच कामाला लागायचं, म्हणजे घरमालकाशी बोलायचं, थकलेल्या भाड्याचं बघायचं, तुमच्यासोबत बसून लेखी प्लॅन करायचा. रस्त्यावर यायची वाट बघायचीच नाही.

पण काउंटरवर काय ऐकायला मिळतं? "बेलिफ (घर खाली करून घेणारा कोर्टाचा माणूस) येईपर्यंत घरातच थांबा." या खोलीतल्या आईलाही हेच सांगितलं, ती थांबली, कोर्टाचा खर्च तिच्याच डोक्यावर बसला आणि शेवटी एका सकाळी सामान बाहेर. खरं तर सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की घर खाली करायचं वॉरंट निघेपर्यंत भाडेकरूला असं ताटकळत ठेवणं योग्य नाही. याचा मला खरंच संताप येतो, कारण कायदा चांगलाय, तो अडतो त्या काचेच्या खिडकीपाशी.

घर गेलंच असेल, आणि पदरात मुलं असतील, बाई गरोदर असेल किंवा घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडावं लागलं असेल, तर चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच राहायची सोय करणं कौन्सिलला भाग आहे. आणि मुलांच्या कुटुंबाला बी अँड बीत ठेवायचं ते दुसरी जागाच नसेल तर, तेही जास्तीत जास्त ६ आठवडे.

वर्क व्हिसावर आलेल्या आपल्या मराठी मंडळींनी इथं सावध राहावं. व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (म्हणजे बहुतेक सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल तर हाउसिंगवाल्यांकडून सल्ल्यापलीकडे सहसा काही मिळत नाही, पण मुलं असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली सोशल सर्व्हिसेसकडे जाता येतं, हे खूप जणांना कुणी सांगतच नाही.

तोंडी "नाही" ऐकून घरी परत येऊ नका. निर्णय लेखी मागा, तो द्यावाच लागतो, आणि पटला नाही तर २१ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो. या आईने तसाच अर्ज केलाय. त्याची झेरॉक्स तिने वह्यांच्या खाली जपून ठेवलीय, आणि या खोलीत तिचा आज सातवा आठवडा सुरू झाला.