कुंडीच्या पोटात

(दृश्य: खोलीचा कोपरा, खिडकीपासून दूर. जमिनीवर एक कुंडी. कॅमेरा बराच वेळ हलत नाही.)

हे रोप गेल्या वर्षीही इथेच होतं. आणि एवढंच होतं. निदान आपल्याला तरी तसंच वाटतं.

झेडझेड प्लांट. शास्त्रीय नाव झामिओक्युल्कस झामिफोलिया. हे नाव एका दमात म्हणणं अवघड, म्हणून कुणीतरी त्यातली दोन आद्याक्षरं उचलली आणि तीच जगभर रुळली. हे रोप घरी आणणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं कौतुकाचं : "मरत म्हणून नाही." दुसरं सहाएक महिन्यांनी, जरा कुरकुरत : "पण वाढतही नाही."

त्या दुसऱ्या वाक्याचा छडा लावायला आम्ही कॅमेरा मांडला.

(दृश्य: मातीला टेकवलेली मोजपट्टी. टोकाशी बोट. ५८ सेंटीमीटर.)

मातीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत ५८ सेंटीमीटर. तीन महिने थांबलो. पुन्हा मोजलं. ५८.

मोजपट्टी बरोबरच होती. घोळ आमच्याकडून झाला होता.

(दृश्य: एका काठीवरून कॅमेरा हळूहळू खाली, मातीपर्यंत.)

ही उभी काठी बघा. हिला कुणी फांदी म्हणतं, कुणी खोड. प्रत्यक्षात हे आहे एक पान. तळापासून शेंड्यापर्यंत सगळं मिळून एकच. कडुलिंबाच्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पर्णिका असतात, तोच प्रकार इथे, फक्त सगळं जाड आणि चकचकीत. मधला देठ बुडाशी चांगला फुगलेला. त्यावर पर्णिकांच्या साधारण सहा ते आठ जोड्या, एकेक पर्णिका ७ ते १५ सेंटीमीटरची. मग या झाडाचं खोड कुठे आहे? मातीखाली. आखूड, जाड, आडवं. ते सहसा कुणाच्या नजरेस पडतच नाही.

आणि पान एकदा पुरतं उलगडलं की त्याची लांबी ठरली. ते पुढे वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण वाढणार नाही. म्हणजे आम्ही तीन महिने एका वाढून संपलेल्या पानाची उंची घेत बसलो होतो.

या रोपाची वाढ बघायची तर पानं मोजावी लागतात, आणि नवं पान जुन्यापेक्षा उंच निघालं का, ते बघावं लागतं. पानं साधारण ४० ते ६० सेंटीमीटर लांब होतात. चांगल्या उजेडात काही वर्षं मुरलेलं रोप ९० सेंटीमीटरच्या आसपास जातं. तिथून पुढे ते उंचीपेक्षा घेरात भरतं.

(दृश्य: अगदी जवळून. जुन्या देठांच्या बुडाशी मातीला बारीक तडा. त्यातून हिरवं टोक.)

आता इथे थोडं थांबू या.

हा नवा कोंब. पोपटी, टोकदार, मिटलेल्या छत्रीसारखा घट्ट. पर्णिका आत एकमेकींवर दाबून बसल्यात. कोंब वर आला की त्याला घाई सुटते. काल आणि आज यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. काही दिवसांनी छत्री सैल पडते, पर्णिका एकेक करून बाजूला होतात. अजून त्या इतक्या कोवळ्या आहेत की बोटाला ओलसर लागतात. देठही लवचीक आहे. पुढच्या काही आठवड्यांत पोपटी रंग गडद होत जातो, पृष्ठभागावर ती ओळखीची झळाळी येते, देठ ताठ होतो. आणि मग सगळं पुन्हा गप्प.

म्हणून याला सरसकट मंद म्हणायला माझं मन घेत नाही. हे झाड उसळी मारून वाढतं. महिनोन्‌महिने काही नाही, मग एकदम दोन-तीन कोंब एकत्र, मग पुन्हा शांतता. खोलीतल्या बेताच्या उजेडात वर्षभरातली नवी पानं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

मधल्या शांततेत ते करतं काय?

(दृश्य: कुंडी आडवी. दोन हात रोप हलकेच ओढून काढताहेत. माती झटकली जाते.)

हे बघा. जाड पांढुरकी मुळं, आणि त्यांच्यामध्ये बटाट्याच्या आकाराचे फिकट तपकिरी कंद. वरची पानं होती तेवढीच राहिली, तरी खालचं बिऱ्हाड वाढलंय. प्लास्टिकची कुंडी असेल तर हे बाहेरूनही कळतं : एका अंगाला फुगवटा येतो, गोल कुंडी लंबगोल दिसायला लागते. आमची मोजपट्टी खरं तर इथे लावायला हवी होती.

या कंदांत पाणी साठवलेलं असतं. वरचा भागही काही कमी नाही : पर्णिकांमध्ये सुमारे ९१ टक्के पाणी, देठात सुमारे ९५ टक्के. उभी पाण्याची टाकीच म्हणा.

(दृश्य: नकाशा. आफ्रिकेचा पूर्व किनारा, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत.)

एवढा साठा कशासाठी, ते याच्या मूळ ठिकाणी कळतं. पूर्व आफ्रिका, केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत. तिथे पाऊस येतो आणि मग लांबलचक काळ येत नाही. कोरडा काळ फारच ताणला तर हे रोप स्वतःच पर्णिका गाळतं. देठाचं फुगीर बूड आणि जमिनीखालचं खोड तेवढं जपून ठेवतं, आणि पाऊस आला की पुन्हा कोंब काढतं.

पाणी वाचवायचा याचा आणखी एक डाव आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेने पाणी उडून जातं. झेडझेड पाण्याच्या ताणात असलं की यातलं काही काम रात्रीवर ढकलतं. गारव्यात वायू घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं लावून वापरायचा. निवडुंगात आणि अननसात हीच रीत आढळते. पाणी वाचतं, पण अशा काटकसरीत भराभर वाढणं काही होत नाही.

(दृश्य: जुन्या वनस्पतिचित्राच्या धर्तीवर काढलेलं रेखाटन.)

या मंदपणाचा परिणाम याच्या नशिबावरही झाला, असं मला वाटतं. युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला हे रोप १८२९पासून माहीत आहे. तेव्हा ते कॅलेडियम या अळूसारख्या शोभेच्या झाडांच्या खात्यात टाकलं गेलं होतं. १८५६मध्ये शॉट या ऑस्ट्रियन अभ्यासकाने त्याची वेगळी प्रजाती केली, आणि आजचं नाव एंग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०५मध्ये दिलं. नावातला अर्धा भाग झामिया या सायकससारख्या झाडावरून, पानं तशी दिसतात म्हणून. उरलेला 'कुल्कस' अळूच्या अरबी नावाशी नातं सांगतो. आणि ते नातं खरं आहे : अळू, सुरण आणि हे, सगळे एकाच कुळातले. फुलोराही त्याच वळणाचा, बुडाशी दडलेला, जेमतेम ५ ते ७ सेंटीमीटरचा. ज्यांच्याकडे येतो त्यांनाही पुष्कळदा पत्ता लागत नाही.

घरोघरी पोचायला मात्र १९९६च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला. तेव्हा नेदरलँड्समधल्या रोपवाटिकांनी याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली. दीडशेहून जास्त वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. विकायचं रोप तयार व्हायलाच इतका वेळ लागत असेल, तर कोण त्याच्या नादी लागणार?

(दृश्य: पाण्याची झारी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी.)

वाढत नाही म्हणून लोक पाणी वाढवतात. या रोपाचा जीव जातो तो बहुतेक असाच. कंद आधीच भरलेले, त्यात माती सतत ओली. कंद कुजतात आणि देठ बुडातून मऊ पडून आडवे होतात. मोठी कुंडी, ज्यादा खत, यांनीही फार काही साधत नाही. फरक पडतो तो उजेडाने. अंधाऱ्या कोपऱ्यात हे जगतं, पण नुसतं जगतं. तेच खिडकीजवळ आणलं, थेट कडक ऊन टाळून, आणि हवा उबदार असली, तर कोंब लवकर येतात. तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की वाढ जवळपास थांबते, तेव्हा पाणीही कमी करायचं.

(दृश्य: कात्रीने एक पर्णिका कापली जाते. हातात मोजे.)

शेवटी एक प्रयोग, चिकाटी असेल त्यांच्यासाठी. मोजे यासाठी की याचा चीक काहींच्या कातडीला खाजवतो. एक पर्णिका कापली, दोन दिवस सुकू दिली आणि तिचं कापलेलं टोक हलक्या मातीत खोचलं. जंगलात गळलेल्या पर्णिकाही अशाच मुळं धरतात.

दुसऱ्या महिन्यात उपटून पाहिली. राहवलं नाही. टोकाशी वाटाण्याएवढी गाठ आणि दोन-तीन मुळं. पुन्हा खोचली.

चौथा महिना. वर काही नाही.

सहावा. काही नाही. पर्णिका मात्र पहिल्या दिवशी होती तशीच हिरवीगार.

(दृश्य: तीच छोटी कुंडी. सकाळचा तिरपा उजेड. पर्णिकेच्या शेजारी पोपटी टोक.)

नववा महिना. मोजपट्टी लावली.

दोन सेंटीमीटर.