शेवटची गाडी आणि एकटा वाटसरू

मंडळी, डोंगरातल्या अपघातांचा विषय निघाला की आपण थंडी, वारा, पाऊस यांना दोष देतो. मला आज गाडीबद्दल बोलायचं आहे. खिंडीपलीकडून दुपारी चारला सुटणारी, त्या दिवसाची शेवटची बस. एकट्या माणसाला भर वादळात पुढे ढकलते ती ही बस, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब कागदावर सोपा असतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली एक नियम मांडला, तो आजही वापरात आहे : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १५ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटरचा चढ असेल, तर साडेचार तास झाले. सकाळी दहाला निघालो तरी दीड तास हाताशी राहतो, असं वाटतं. पण हा हिशेब उघडीप, चांगली वाट आणि न थांबता चालणारा धडधाकट माणूस धरून केलेला आहे. समोरून वारा आला, वाटेवर ओला बर्फ साचलेला असला, धुक्यात दोनदा नकाशा काढावा लागला, की तो दीड तास खिंडीच्या अलीकडेच संपतो.

आणि इथून पुढे घड्याळ माणसाला चालवायला लागतं. विमान अपघातांच्या तपासातही हे वारंवार दिसलं आहे : हवा बिघडली तरी ठरलेला बेत सोडवत नाही, आणि मुक्काम जवळ येईल तसा तो सोडणं आणखी जड जातं. सोबत कुणी असलं तर ‘अरे, आता पुरे, मागे फिरू’ असं म्हणणारा एक आवाज तरी असतो. एकट्याला तो आवाज आदल्या रात्रीच तयार ठेवावा लागतो. ‘एक वाजेपर्यंत खिंडीत पोहोचलो नाही, तर परत’ हे कागदावर लिहा आणि तो कागद वरच्या खिशात ठेवा. खिंडीत उभं राहून ठरवू म्हणाल, तर तिथे ठरवणारं डोकं आधीच गारठलेलं असतं.

गारठतं कसं, ते नीट बघा. घाईत माणूस भराभर चढतो, घाम येतो, आतला कपडा भिजतो. जाकीट घालायला थांबलं तर पाच मिनिटं जातील, म्हणून थांबत नाही. खायलाही थांबत नाही. उंची १००० मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा. शून्य अंशाला ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे ९ अंशांसारखी लागते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला. जीभ जड होते, पाय अडखळतात, विचार मंदावतो. ही लक्षणं सोबत्याला दिसतात, ज्याची त्याला कळत नाहीत. म्हणून एकट्यानं अधूनमधून अंगठ्याचं टोक करंगळीला लावून पाहावं. ते जमेना, जाकिटाची चेन चिमटीत धरवेना, तर बसचा विचार तिथेच सोडायचा. आडोसा, कोरडे कपडे, खाणं, याच क्रमानं. आणि कुडकुडणं आपोआप थांबलं तर ऊब आली असं समजू नका. शरीर हरायला लागल्याची ती खूण असू शकते.

ओढ्यांचं गणितही घाईच्या उलट चालतं. बर्फ वितळून वाहणारे ओढे पहाटे उतरलेले असतात आणि दुपारनंतर फुगतात. उशिरा निघालेला माणूस नेमका फुगलेल्या पाण्यापाशी पोहोचतो, आणि गाडीची वेळ झालेली असते म्हणून पाण्यात उतरतो. उतरायचंच असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून उतरा, म्हणजे पाय सुटला तर ओझं टाकता येईल. पण खरा उपाय एकच : उजाडायच्या आत निघणं. त्यानं ओढाही सोपा होतो आणि बसही मिळते.

एवढं करूनही बस चुकेल. चुकू द्या. ती चुकणं परवडेल अशा तयारीनंच निघायचं असतं. दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी किती वाजता आहे, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं. सॅकमध्ये एका रात्रीपुरतं सामान हवंच : प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा जोड, डोक्याला लावायची बॅटरी, उघड्यावर रात्र काढावी लागली तर आत शिरून झोपायची ‘बिव्ही’ पिशवी, शिट्टी. मोबाइल अंगाशी ठेवा, थंडीत त्याची बॅटरी झपाट्यानं उतरते. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं.

घरच्यांना ‘चारची बस धरतो’ एवढंच सांगू नका. अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा, अशी वेळ द्या, आणि त्या वेळेत बस चुकायला जागा ठेवा. मागे फिरलात, तर संपर्क होताच पहिला निरोप त्यांना द्या, नाहीतर तुम्ही खाली सुखरूप असताना दुसरीच माणसं त्याच हवेत तुम्हाला शोधायला खिंड चढत असतील.