ती सूचना कोणी काढली?

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात आलात आणि पहिली रांगही भरली आहे. पुण्यात पहिली रांग भरलेली दिसली की वक्त्याने हुरळून जाऊ नये, वर पंखा आहे का ते पाहावं. (हशा) आहे!

पत्रिकेत विषय छापलाय ‘प्रथिनांचं विघटन आणि पेशीविभाजन’. तिकडे येतोच. पण आधी आमच्या सोसायटीच्या फलकाचं सांगतो.

कोथरूडला आमची सोसायटी. जिन्याखाली काचेचा फलक, त्याला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. मागच्या उन्हाळ्यात त्यात एक कागद लागला : ‘उद्या पाणी येणार नाही. भरून ठेवावे.’ खाली सही, शिक्का. तारीख नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पिंपं भरली. दुसऱ्या दिवशी खरोखरच पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. पण कागद तिथेच, आणि कागदाचं म्हणणं एकच : उद्या! उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून लोकांनी पुन्हा भरलं. कालचं शिळं म्हणून ओतलं, ताजं भरलं. असं बारा दिवस. गच्चीवरची टाकी सकाळी नऊलाच रिकामी व्हायला लागली. म्हणजे सूचना खोटी होती ती लोकांनी पाळून पाळून खरी केली. (हशा)

सेक्रेटरी किल्लीसकट मुलीकडे बंगलोरला. तेराव्या दिवशी मी पान्याने काच सरकवली, कागद काढला आणि फाडला. तेराव्याला हेच करतात. (हशा) त्यावर कमिटीचं मला पत्र : सूचना विनापरवानगी का काढली? बघा, लावायला परवानगी लागत नाही, काढायला लागते! मी दोन पानी उत्तर दिलं आणि त्यात टिम हंटचा दाखला दिला. उत्तर अजून आलेलं नाही.

आता हा हंट कोण? १९८२ चा उन्हाळा. इंग्लंडचा हा गडी अमेरिकेत वुड्स होल नावाच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत होता. सी अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा समुद्री जीव. त्याची अंडी फलित झाली की सगळी एका तालात दुभंगतात : एकाची दोन, दोनाची चार. हंटने त्यांना किरणोत्सारी मिथिओनिन दिलं (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनांच्या बांधकामातली एक वीट), म्हणजे नव्या बनणाऱ्या प्रथिनांवर खूण उमटते, आणि थोड्या थोड्या वेळाने नमुने काढले. नमुन्यातली प्रथिनं वेगवेगळी केली की प्रत्येकाचा फिल्मवर एक पट्टा उमटतो. प्रत्येक प्रथिनाचा पट्टा गडद होत जायला हवा, कारण ते साठत जातं. बहुतेकांचं तसंच झालं. एक पट्टा मात्र गडद झाला आणि पेशी दुभंगायच्या सुमारास गायब! पुढच्या फेरीत पुन्हा आला, पुन्हा गायब.

तोवर ‘काय बनतं’ यावर सगळ्यांचा डोळा होता, मोडण्याकडे साफसफाईचं काम म्हणून बघत. ठरलेल्या वेळी मोडणं हाच हुकूम असेल, हे फार थोड्यांच्या डोक्यात होतं. त्या प्रथिनाचं नाव सायक्लिन. फेऱ्या मारतं म्हणून, आणि हंट सायकलवेडा होता म्हणूनही. हा माणूस जुन्या पुण्यात शोभला असता. तेव्हा लकडी पुलावर सायकलींची काय गर्दी असायची... (आयोजकांकडून चिठ्ठी येते.) पंधरा मिनिटं? मला वाटलं पाऊण तास आहे. बरं, सायकली राहू द्या.

भराभर सांगतो. सायक्लिन म्हणजे आपला कागद. ते सीडीके नावाच्या एन्झाइमला चिकटलं की ते एन्झाइम जागं होतं आणि हुकूम सुटतो : विभाजनाला लागा. गुणसूत्रं आवळली जातात, केंद्रकाचं आवरण सुटतं. पण कागद उतरला नाही तर? १९८९ मध्ये मरे, सॉलोमन आणि कर्शनर यांनी सुरुवातीचा तुकडा छाटलेलं, म्हणून न मोडणारं सायक्लिन बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात घातलं. अर्क विभाजनाच्या मध्यावरच अडकून बसला. रोज पिंपं भरणारी आमची सोसायटी!

कागद काढतो कोण? युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. मोडायच्या मालावर त्याची साखळी चिकटवतात. साखळी दिसली की प्रोटिआसोम नावाचं पिंप तो माल आत ओढून त्याचे तुकडे करतं. यासाठी हर्शको, चिकानोव्हर आणि रोज यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सायक्लिनसाठी हंटला २००१ मध्येच, वैद्यकशास्त्राचं, हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर.

विभाजनात ही साखळी चिकटवणारं यंत्र म्हणजे एपीसी. ते दोन गोष्टी मोडायला लावतं. एक सायक्लिन. दुसरं सेक्युरिन, जे सेपरेज नावाच्या कात्रीवर बसलेलं कुलूप आहे. कुलूप गेलं की कात्री जोड गुणसूत्रांना बांधणारी कडी कापते आणि जोड्या फाकतात. आणि एपीसीलाही मुभा नाही! माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत निघते, म्हणून ४६ जोड्या; म्हणजे त्यांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या दोऱ्या बांधायच्या ९२ जागा. त्यातली एक जरी मोकळी असली तरी तिथून ‘थांबा’ असा इशारा निघतो आणि एपीसी गप्प बसतं.

फाडायचंच का, कागद उलटा करून ठेवला तर? उलटा केलेला कोणीही सुलटा करेल. फाडलेला नव्याने लिहावा लागतो, त्याला वेळ लागतो. म्हणून पेशी अर्धी दुभंगून मागे फिरत नाही. माझं कमिटीला हेच म्हणणं होतं.

एकच प्रश्न घेऊ. हं, ताई. एवढं प्रथिन बनवून लगेच मोडायचं, ही उधळपट्टी नाही का? अमिनो आम्लं परत वापरात येतात, युबिक्विटिनही सोडवून घेतात. ऊर्जा मात्र जाते, तेवढी उधळपट्टी मान्य.

काका, हे मोडणं अडवणारं औषध आहे का, हा तुमचा प्रश्न, त्याचं उभ्याउभ्या सांगतो. प्रोटिआसोम अडवणारं बोर्टेझोमिब मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर अमेरिकेत २००३ पासून मान्य आहे. मात्र तिथे सायक्लिनपेक्षा दुसरं कारण मोठं. त्या पेशी अँटिबॉडीचं प्रथिन इतकं बनवतात की कचरा तुंबला की आधी त्याच गुदमरतात. बाकीचं खाली चहाला बोलू, दिवे घालवायला लागले आहेत.