गळा तोच, पण गाणं नाही

मंडळी, आज एकाच माणसाबद्दल बोलणार आहे, हॉलिवूडचा नट डिक पॉवेल. १९३३ साली वॉर्नर ब्रदर्सचे 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट', 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३', 'फूटलाइट परेड' असे लागोपाठ सिनेमे आले आणि त्यातला गोड गळ्याचा, गोंडस चेहऱ्याचा, नायिका रूबी कीलरच्या डोळ्यात बघत गाणारा पोरगा म्हणजे हा. लोकांना तो तसाच हवा होता, स्टुडिओलाही तसाच. पण माणसाचं वय वाढतं ना, चाळिशीच्या दारात उभं राहून अजून किती वर्षं तेच प्रेमगीत गायचं?

दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या 'डबल इन्डेम्निटी'मधला खुनी विमा एजंट त्याला करायचा होता, तो रोल फ्रेड मॅकमरेला गेला. मग आरकेओ स्टुडिओने म्युझिकल्ससाठी बोलावलं तर हा म्हणाला, येतो, पण आधी एक गंभीर रोल द्या. आणि मिळाला तो थेट कादंबरीकार रेमंड चॅन्डलरचा डिटेक्टिव्ह, फिलिप मार्लो! दिग्दर्शक एडवर्ड डिमिट्रिक. १९४४ मध्ये सिनेमा सुरुवातीला कादंबरीच्याच नावाने दाखवला, 'फेअरवेल, माय लव्हली', आणि झालं काय, डिक पॉवेल आणि असं नाव म्हटल्यावर लोकांना वाटलं हा गाण्यांचाच सिनेमा. शेवटी नाव बदलून 'मर्डर, माय स्वीट' केलं. बघा, इमेज किती घट्ट चिकटलेली असते, पोस्टरवरचं नाव बदलायला लागलं.

आता सिनेमाची सुरुवात बघा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला मार्लो पोलिसांसमोर दिव्याखाली बसलाय आणि सगळी हकिकत सांगतोय. म्हणजे ज्या चेहऱ्यावर लोक फिदा होते त्याचे डोळेच झाकून टाकलेत, उरला फक्त आवाज. माझं म्हणणं हेच आहे, त्याने गळा टाकून दिला नाही, त्यातली चाल काढून घेतली. वाक्य कुठे तोडायचं, कुठला शब्द सहज सोडून द्यायचा, श्वास कुठे घ्यायचा हे गाणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही, म्हणून त्याचं ते थकलेलं, कोरडं बोलणं कानाला धरून ठेवतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे ग्रेल नावाच्या श्रीमंत कुटुंबाच्या बंगल्यातली. भलामोठा हॉल, चौकटीचौकटीची फरशी, आणि हा खडूस डिटेक्टिव्ह ठिक्कर-बिल्ला खेळल्यासारखा चौकटींवरून उड्या मारत जातो. दोनतीन सेकंदच, पण नाचगाण्याच्या सिनेमातले पाय लगेच ओळखू येतात हो! दुसऱ्या कुणाला हे शोभलं नसतं.

पुढे 'कॉर्नर्ड', 'पिटफॉल' असे कडक रोल येत गेले, गोंडस पोरगा मागे पडला. आणि १९४९ पासून रेडिओवर तो रिचर्ड डायमंड नावाचा डिटेक्टिव्ह करायला लागला, मारामाऱ्या, खून, चौकशी सगळं उरकून एपिसोडच्या शेवटी मैत्रिणीकडे जायचा, पियानोपाशी बसायचा आणि चक्क गायचा. आता ते गाणं डिटेक्टिव्हचं होतं.