तांबड्या रश्श्याला रेड वाईन चालते का?

नमस्कार मंडळी, आज गप्पा वाईनच्या, म्हणजे खरं तर द्राक्षांच्या. आपल्याला द्राक्षं म्हटलं की थॉमसन सीडलेसच आठवतात, हिरवी, बिनबियांची, आणि त्यांचा मणी फुगावा म्हणून शेतकरी अख्खा घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या, पाण्यात बुडवून काढतो. वाईनच्या द्राक्षाला हे असलं काही करत नाहीत, तिथे मणी बारीकच हवा.

मी फेब्रुवारीत नाशिकजवळच्या दिंडोरीकडे एका बागेत शिराझचा, म्हणजे रेड वाईनच्या काळ्या द्राक्षाचा, मणी पहिल्यांदा तोंडात टाकला. वाटाण्याएवढा, आत बिया, आणि गोड इतका की बोटं चिकट झाली, पण साल चावत राहिलो तर जीभ अशी सुकली की कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं वाटलं. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. मणी पिळला तर रस जवळजवळ बिनरंगी निघाला, रंग सगळा सालीत! म्हणून रेड वाईनचा रस सालींसकट आंबवतात आणि व्हाईटसाठी आधी द्राक्षं पिळून साली बाजूला काढतात.

आणि गंमत बघा, फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा, एप्रिलमध्ये नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास घड यावेत म्हणून फळछाटणी, आणि थंडीच्या रात्रींमध्ये मणी भरून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठचं शेनिन ब्लां हे व्हाईट वाईनचं द्राक्ष नाशिकला चांगलं रुळलंय, सुला या नाशिकच्या वाईन कंपनीची पहिली वाईन 2000 साली आली तेव्हापासून ते आहेच, आणि 2010 ला नाशिक व्हॅली वाईनला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं.

आता जेवणाचं. एकदा एका हॉटेलात तांबड्या रश्श्यासोबत मी रेड वाईन मागवली, मटण आहे म्हणजे रेड, असं कुठेतरी ऐकलेलं. ऐन मे महिना, बाटली शेल्फवरून थेट टेबलावर, कोमट! दोन घोटांत तोंडाला आग लागली. कारण साधं आहे, अल्कोहोल तिखट वाढवतं आणि टॅनिन वरून तोंड कोरडं करतं. तेच शेनिन ब्लां, थोडं गोडसर आणि फ्रीजमधलं गार, घेतलं असतं तर मिरची जरा शांत झाली असती, हे मी नंतर घरी करून बघितलंय.

शिराझ मग कशाला? सुक्या मटणाला, पण मिरची कमी, काळी मिरी आणि खोबरं जास्त असं. मटणातल्या चरबीने आणि प्रोटीनने टॅनिन मऊ होतं, आणि शिराझमध्ये मिरीचा वास मुळातच असतो. फक्त बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, रूम टेंपरेचर म्हणतात ते युरोपातल्या रूमचं हो, आपल्या मे महिन्यातल्या नाही.

सॉविन्यों ब्लां या व्हाईट वाईनला हिरव्या गवताचा, कैरीचा वास येतो, त्यामुळे कोथिंबीर वडी किंवा लिंबू पिळलेला बोंबील फ्राय मस्त जमतो. बटाटेवड्याला स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाईन घ्या, बुडबुडे आणि आंबटपणा तेल कापतात, फक्त लसणाची लाल चटणी जपून. पुरणपोळीला ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली वाईन अजिबात नको, गोडापुढे ती नुसती आंबट लागते, लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन मिळाली तर आणा. आणि सोलकढी आली की ग्लास सरळ बाजूला ठेवा, कोकमाच्या आंबटापुढे वाईन अगदी पाणचट लागते.