उभ्या गाडीचे टायर

टायरवरच्या व्याख्यानाला एवढी गर्दी झाली, याचं श्रेय मी बेळगावच्या पावसाला देतो. बाहेर जायची सोय नाही, म्हणून आलात!

मी उसाच्या गाड्यांना टायर विकण्यात आयुष्य घालवलं. ट्रकवाल्याचा टायर झिजून गोटा होतो, मग तो दुकानात येतो. फिरत्या घराचं उलटं. ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली, वर्षातून दोनदा गोवा केला, की बाकीचे महिने गाडी टिळकवाडीत दारात उभी. खाचा नव्यासारख्या, म्हणून मालक खूश. पण रबर उन्हानं, हवेनं म्हातारं होतंच. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की समजा.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. कधी कधी ते आतल्या बाजूला येतात, मग गाडीखाली वाकायचं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याला दाखवा. दहानंतर खाचा कितीही खोल असोत, काढा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2021 पासून ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर कायद्यानंच बंद आहे. स्टेपनीचीही तारीख बघा. ती न फिरताच म्हातारी होते.

आता वजन. टायरवर 112/110 असा भाराचा क्रमांक असेल, तर तक्त्याप्रमाणे एकटा टायर 1120 किलो पेलतो, आणि मागं एकाच बाजूला शेजारी-शेजारी दोन टायर असतील, तर त्या जोडीतला प्रत्येकी 1060. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात ओटा, गॅस, फ्रीज एकाच अंगाला. तेव्हा टाकी भरून, माणसं बसवून साखर कारखान्याच्या काट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. आपल्याकडं काट्यांना काय तोटा आहे का? नवा टायर घेताना या भाराच्या क्रमांकात कमी पडणारा घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

मागच्या जोडीनं मलाच फसवलंय. जोतिबाहून येताना तवंदी घाटात जळक्या रबराचा वास आला. बाहेरचा टायर टणटणीत, आतल्यात हवाच नाही! सगळा भार एकट्या बाहेरच्यावर. टायर विकणारा माणूस, आणि निघताना आतला वॉल्व्ह बघितला नव्हता. तेव्हापासून लांब वॉल्व्ह बसवून घेतलाय, बाहेरून हवा मोजायचा गेज लागतो. जोडीतला एकच टायर बदलला तर नवा उंच पडतो आणि भार त्याच्यावर येतो. दोन्ही बदला.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातून उतरल्यावर टायर तापलेला असतो, गेज जास्त दाखवतो. तेव्हा हवा सोडू नका.

मागून कोण विचारतंय, रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, चालेल का? उसाच्या ट्रॉलीला चालेल की. पुढच्या चाकांना घालून बायकामुलांना घाटातून न्यायचं असेल, तर माझ्याकडून नका घेऊ.