पांढरीतून अजबबंगल्यात

मंडळी, आजचा जाहीर विषय नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचा, म्हणजे आपल्या अजबबंगल्याचा इतिहास. तो सांगतोच. पण समोर शेतकरी आहेत, तलाठी आहेत, मास्तर आहेत, म्हणून आधी तुमच्या हातातलं काम बोलतो. अजबबंगला उभा नागपुरात आहे, भरला मात्र खेड्यांनी.

१८७० साली बालाघाटकडच्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. काही नागपूरला आले, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाचा, कायदा तेव्हा नव्हता; तो आला १८७८ साली.

हा कायदा आजही लागू आहे, म्हणून नीट ऐका. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर तुमचा वाटा जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला मिळतो धातूच्या किमतीइतका, आणि वर तिचा पाचवा हिस्सा. माझी खरी तक्रार इथे आहे. सोन्याला हे ठीक. पण तांब्याच्या मूर्तीला मोडीचा भाव, आणि मातीच्या बाहुलीला काय भाव येणार? मग माणूस ती परत मातीत टाकतो, नाहीतर रात्रीतून विकतो. हा हिशोब बदललाच पाहिजे.

आता आपली पांढरी. जुनी वस्ती जिथे होती तिथली ही माती; घर लिपायला चांगली, शेतात टाकायला चांगली, म्हणून ट्रॉल्यांनी उचलली जाते. जेसीबीचा दात लागला की मडकी फुटतात हे दिसतं. थरांची उलथापालथ होते ते दिसत नाही, आणि वस्तूचं वय त्या थरावरूनच कळत असतं.

काही निघालं तर वखर, फावडं तिथेच थांबवा. उचलण्याआधी शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. गट नंबर, जमिनीपासूनची खोली आणि शेजारी काय होतं ते लिहा. मडक्यातली माती उपसू नका, पुरावा तिच्यातच असतो. आणि हात जोडून सांगतो, पितळी किंवा काशाची मूर्ती चिंचेनं, लिंबानं, राखेनं घासू नका. जैन मूर्तींच्या बैठकीवर किंवा पाठीवर पुष्कळदा दात्याचं नाव, संवत कोरलेलं असतं. घासल्यावर आधी ती अक्षरं जातात. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांचा रोग आहे, आणि पावसाळ्याच्या दमटपणात तो वाढतो. अशी मूर्ती ओल्या पोत्यात, प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा. शेंदूर आणि ऑइल पेंटचं तर विचारूच नका, दगडी मूर्तीचं नाकडोळं त्याखाली पुरलं जातं.

सापडल्या जागेची नोंद नसलेली मूर्ती म्हणजे गट नंबर नसलेला सातबारा. कितीतरी संग्रहालयांतल्या पाट्यांवर नुसतं ‘विष्णू, दगड’ असतं. ज्या गावानं दिली त्या गावाचं नाव नसतं. हे मला फार लागतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा इतिहास भराभर. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी. प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६३ साली, संग्रहालय निघालं. त्याच साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळं, पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. आपल्या भागातले दगड, जीवाश्म ज्यांनी आधी गोळा केले त्यांतलं हे मोठं नाव. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं, आणि वऱ्हाडातल्या वस्तूंनाही नागपूरची वाट मिळाली. अकोल्याकडच्या राजनापूर खिनखिनीच्या जैन मूर्ती तिथे आहेत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, गुंगेरियाचं तांबं नागपुरातच राहिलं. शिल्पं, चित्रं, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी एकाच छपराखाली कसे, याचं उत्तर इथेच आहे: साऱ्या प्रांताचं हे एकच कोठार होतं.

दालनांबद्दल बोलायचं राहिलं. कोणाच्या शेतात काही निघालं असेल तर खाली उतरल्यावर मला फोटो दाखवा. वस्तू जागेवरून हलवू नका.